अर्ध्या मार्काचा झेड

सकाळी पावणेसातला दुधाची पिशवी घ्यायला बाहेर आले, तर शेजारच्या काकू कुंपणाशी आधीच उभ्या. हातात नातीची वही. काकू माझ्याआधी कुंपणाशी आल्या की ओळखायचं, रात्रभर काहीतरी खदखदत होतं.

"तू इंग्रजी पुस्तकांची प्रुफं वाचतेस ना? मग हे बघ."

वही जाळीतून येईना, म्हणून त्यांनी ती वरून दिली. डिक्टेशनचे वीस शब्द, मार्क साडेएकोणीस. 'ऑर्गनाइझ'मधल्या झेडला लाल गोल, डोक्यावर एस, आणि समासात शेरा : 'अमेरिकन!' उद्गारचिन्हासकट.

"अर्धा मार्क गेला त्याचं काही नाही गं," काकू म्हणाल्या. म्हणजे त्याचंच होतं. "पण पोरीनं घरातल्या ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत बघून पाठ केलेला शब्द. ऑक्सफर्ड कधीपासून अमेरिकेत गेलं?"

"कुठं नाही गेलं. तिथल्या विद्यापीठाच्या छापखान्याचं घराणं झेडच लिहितं आणि केंब्रिजवाले एस लिहितात. दोघंही इंग्लंडातलेच."

"म्हणजे भाऊबंदकी."

"तसंच म्हणा. इंग्लंडात आज बहुतेक लोक एस लिहितात, त्यामुळे बाईंनी एस मागितला तर ठीक. पण झेडला अमेरिकन म्हणणं अन्याय आहे. अमेरिका हा देश व्हायच्या कितीतरी आधी तो इंग्रजीत होता. आता ती जिनिव्हाची कामगार संघटना घ्या, 1919 सालची. इंग्रजी नावात 'लेबर'ला ब्रिटिशांचा यू आहे, अमेरिकन माणूस तो गाळतो. आणि पुढे लगेच 'ऑर्गनायझेशन'ला झेड. दोन्ही एकाच पाटीवर."

काकूंनी पदर खोचला. आता चहा थांबणार, हे मला कळलं.

"मग हा झेड कुणाकडचा?"

"ग्रीकांकडचा. त्यांच्याकडे 'इझेइन' असं एक शेपूट होतं. नामाला किंवा विशेषणाला लावलं की क्रियापद तयार. आणि खरं सांगू का काकू, त्यातले कितीतरी शब्द अशाच कुंपणावरच्या गप्पांतून आले असावेत असं मला वाटतं. एखाद्याचं नाव घ्यायचं, शेपूट लावायचं, की 'त्याच्यासारखं वागणं' किंवा 'त्याच्या बाजूला जाणं' असा अर्थ झाला. इसवी सनापूर्वी 480 मध्ये इराणचा बादशहा ग्रीसवर चालून आला. इराण्यांना ग्रीक लोक मीड म्हणायचे. जी गावं बादशहाला मिळाली, त्यांनी काय केलं म्हणे? तर 'मीडाइझ' केलं. थीब्ज शहराला तो डाग जन्मभर चिकटला."

"अगं बाई! म्हणजे आपल्याकडे फितूर झाला म्हणतात तसं."

"तसंच, पण शत्रूचं नाव घालून. पुढं मॅसिडोनियाचा फिलिप आला, अलेक्झांडरचा बाप. डेल्फीच्या देवळात कौल देणारी पुजारीण होती. अथेन्सचा वक्ता डेमोस्थेनिस म्हणाला, ही बया 'फिलिपाइझ' करायला लागली. म्हणजे कौल देवाचा, आवाज फिलिपचा."

काकू इतक्या मोठ्यानं हसल्या की समोरच्या आजोबांनी पेपरातून डोकं वर काढलं. हे कुठल्या देवळाला लागू पडतं ते त्यांनी मला सांगितलं, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आणखी एक आहे. आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर सोलोई नावाचं ग्रीकांचं गाव होतं. तिथले लोक अशुद्ध ग्रीक बोलतात असा बभ्रा. म्हणून अशुद्ध बोलणं म्हणजे 'सोलोइकाइझ' करणं. जुने ग्रीकच ही व्युत्पत्ती सांगतात. व्याकरणातल्या चुकीला इंग्रजीत आजही 'सॉलेसिझम' म्हणतात, तो शब्द तिथूनच आला. गाव पडलं, बोलणारे गेले, बदनामी मात्र शब्दकोशात अजून शाबूत.

"मग हे शेपूट साहेबाकडे पोचलं कसं?"

"पाद्र्यांबरोबर. ग्रीक ख्रिस्ती ग्रंथ लॅटिनमध्ये गेले तेव्हा 'बाप्टिझेइन' तसंच उचललं. बुडवणं, त्यावरून बाप्तिस्मा देणं. लॅटिनमधून फ्रेंचमध्ये गेलं, फ्रेंचांनी झेडचा एस केला, आणि फ्रेंचमार्गे ते इंग्रजीत आलं. आता इंग्रजांपुढे पेच : आजोबांचं अक्षर ठेवायचं की आईच्या माहेरचं? ऑक्सफर्डच्या कोशवाल्यांचं म्हणणं, मूळ ग्रीक, उच्चारही झ, मग मधल्या मुक्कामाचं अक्षर कशाला?"

"उच्चाराचं नको सांगूस." काकूंनी चाळीस वर्षं मराठी शिकवलंय. "आपण 'जागा' आणि 'जीव' एकाच ज-नं लिहितो. त्यावरून कुणी मार्क कापलेत का कधी?"

बरोबर होतं. म्हणूनच मला उच्चाराचा मुद्दा तसा लंगडाच वाटतो. मूळचा मुद्दा भक्कम आहे, पण तोही सगळीकडे चालत नाही, कारण या घराण्यात तोतये फार. 'ॲडव्हर्टाइज', 'सरप्राइज', 'एक्सरसाइज', 'सुपरवाइज', 'कॉम्प्रमाइज' यांचं शेपूट दिसतं तसंच, पण ग्रीसशी नातं नाही. 'सरप्राइज'चा बाप फ्रेंच, 'सुपरवाइज'मध्ये लॅटिनचं 'पाहणं' आहे. यांना ऑक्सफर्डच काय, अमेरिकाही झेड लावत नाही. उलट होडी उलटते ते 'कॅपसाइझ' सगळीकडे झेडनं लिहायचं, आणि तेही या कुळातलं नाहीच. 'ॲनालाइज'चं आणखी वेगळं. शब्द अस्सल ग्रीक, पण त्याचं शेपूट हे नव्हे, म्हणून ऑक्सफर्डही तिथं एस लिहितं. अमेरिकन मात्र ठोकून झेड लावतात. प्रुफं वाचताना माझे डोळे सगळ्यात जास्त यांच्यावरच अडखळतात.

काकूंचा हात जाळीवर होता. मी म्हटलं, "तुम्ही धरलीय ती जाळीसुद्धा त्याच घराण्यातली."

"ही? ही जीआयची. परवाच्या दिवाळीत बसवली."

"जीआयमधला जी म्हणजे 'गॅल्व्हनाइज्ड'. गॅल्वानी नावाचा इटालियन डॉक्टर होता, बोलोन्याचा. दोन वेगळे धातू लावले की मेलेल्या बेडकाचे पाय उडतात, हे त्यानं पाहिलं आणि 1791 मध्ये छापलं. त्याच्या नावाला शेपूट लागलं. आधी अर्थ झाला विजेचा झटका देणं, पुढं मरगळलेल्या माणसाला खडबडून उठवणंही, आणि लोखंडावर जस्त चढवणंही."

"एवढीशी तार, तिला वीज दिली?"

"नाही ना! नुसती वितळलेल्या जस्तात बुडवून काढतात. बाप्तिस्माच. पण जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं, त्यामागची करामत विजेचीच, म्हणून नाव टिकलं."

काकूंनी जाळी निरखून पाहिली. कोपऱ्यात, जिथं त्यांच्या जावयानं वाकवून तार तोडली होती, तिथं राखाडी रंग उडून तांबूस गंज धरला होता. "इथं बुडवलं नव्हतं वाटतं," त्या म्हणाल्या.

माझ्या हातातल्या पिशवीवर 'पाश्चराइज्ड' लिहिलेलं होतं, तेही दाखवलं. पाश्चरनं 1860 च्या दशकात तापवून टिकवायचा प्रयोग केला तो दुधावर नव्हे, वाइनवर. हे ऐकून काकूंनी पिशवीकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यावरून उद्यापासून त्या दूध दोनदा उकळणार हे नक्की.

"सगळे पुरुषच का गं यात?"

इथं मला बाउडलरची गोष्ट आठवली. शेक्सपिअरमधला चावटपणा काढून घरात बायकामुलांपुढे वाचता येईल अशी आवृत्ती 1807 मध्ये निघाली, वीस नाटकांची, निनावी. काटछाट केली होती हॅरिएट बाउडलर या बाईंनी. पण कुलीन अविवाहित बाईनं नाव घालायचं म्हणजे तिला काय काढलं ते आधी कळलं असलं पाहिजे, आणि ते कळणं शोभत नाही! 1818 ची मोठी आवृत्ती भाऊ थॉमसच्या नावानं निघाली. पुढं पुस्तकातला मजकूर सोवळेपणानं कापण्याला 'बाउडलराइझ' म्हणायला लागले. कात्री बहिणीची, क्रियापद भावाचं.

"आणि बदनामीही भावाची. बरं झालं," काकू म्हणाल्या.

या शब्दांवर नाक मुरडणारेही पहिल्यापासून होते. शेक्सपिअरच्याच काळात टॉमस नॅश नावाचा लेखक असे शब्द इतके पाडायचा की लोकांनी त्याला टोकलं, आणि 1594 मध्ये त्यानं त्यांच्यावर उलटून लिहिलं. 1961 मध्ये अमेरिकेत वेब्स्टरचा जाडा कोश निघाला, तेव्हा 'फायनलाइझ'सारख्या शब्दांना थारा दिला म्हणून वर्तमानपत्रांनी आकाशपाताळ एक केलं. आज आपल्या इथला केटररसुद्धा मेनू 'फायनलाइज' करून मागतो.

"तुमच्या साहेबाचं मला अप्रूप नाही," काकू म्हणाल्या. "पाणिनीनं हे कधीच करून ठेवलंय. च्वि प्रत्यय. जे नव्हतं ते होणं. शुद्ध नव्हतं ते शुद्ध केलं, की शुद्धीकरण. शुद्ध-मधल्या शेवटच्या अ-चा ई होतो. दीर्घ! च्वि स्वतः मात्र दिसत नाही, सगळा गळून जातो, मागे ती ई ठेवून."

"म्हणजे तुमचं शेपूट अदृश्य."

"अदृश्य आहे म्हणून तर लोक शेण खातात. नाक्यावरच्या हॉटेलची पाटी बघितलीस? 'नुतनिकरणासाठी बंद'. नू ऱ्हस्व, नी ऱ्हस्व. मी आत जाऊन सांगितलं, तर तो म्हणतो, आजी, उघडल्यावर या. आणि नुसतं संस्कृतच कशाला, आपलं मराठी 'आवणे' घे की. राग, रागावणे. सुख, सुखावणे. मंद, मंदावणे. डोकं, डोकावणे. समोरचे आजोबा मघापासून करतायत ते."

आजोबांनी पेपर वर धरला.

तेवढ्यात नात दप्तर घेऊन बाहेर आली. मी तिला म्हटलं, तुझा झेड चूक नाही, बाईंना डिक्शनरी दाखव. ती बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाली, "नको. मी आता एसच लिहिणार. झेड लिहायचा तर खरे कोण आणि खोटे कोण सगळं पाठ करायला लागतं. एस लिहिला की फक्त कॅपसाइझ आणि प्राइझ-साइझसारखे दोन-चार लक्षात ठेवायचे."

मोठमोठ्या संपादकांनी एस पत्करला त्याचं कारण याहून फार वेगळं नाही. आम्हा दोघींना काही सुचेना.

"मग बाबांनी बाईंना चिठ्ठी लिहिलीय ती?" काकूंनी विचारलं.

"ती तूच ठेवून घेतलीस ना काल," असं म्हणून ती रिक्षाकडे पळाली.

काकूंनी वहीच्या मागच्या पानातून घडी काढून मला दिली. बाई मराठी, म्हणून मुलानं मराठीतच लिहिलं होतं, की कृपया अर्ध्या गुणाचे 'स्पष्टिकरण' मिळावे. ष्टि-ला लाल गोल, वर दीर्घ ईकार.

"याचाही अर्धा कापला मी," काकू म्हणाल्या. "परत लिहून आणायला सांगितलंय."