पाय धुवा, मगच भुंका!

काय हे! पाऊस पडायला लागून पंधरवडा झाला नाही, तोच अख्ख्या सोसायटीत सोवळं सुरू. माणसांचं नव्हे हो, कुत्र्यांचं! 'आधी पाय धू, मग घरात ये' या आजीच्या हुकमाला ज्या घरानं वर्षानुवर्षं नाकं मुरडली, त्याच घराच्या उंबऱ्यावर आता बादली, मग, टॉवेल नि वाइप्सचं पाकीट असा थाट मांडलेला. नवरा चिखलाच्या बुटांनी थेट फ्रिजपर्यंत गेला तरी चालतं. ब्रूनोला मात्र पंजे पुसल्याशिवाय प्रवेश नाही. कलियुग म्हणतात ते हेच ना?

आता ते पंजे धुण्याचं प्रकरण बघा. त्यासाठी म्हणे खास पेला मिळतो! आत सिलिकॉनचे मऊ काटे, त्यात कोमट पाणी. एकेक पाय घालायचा, पेला गोल फिरवायचा, टिपायचा. पहिला झाला, दुसरा झाला, तिसऱ्याला बाळ कंटाळलं आणि चौथा हातात घ्यावा तर बाळानं अंग झाडलं. संपलं! अमेरिकेत जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी 2012 साली चक्क मोजून सांगितलं, की ओला कुत्रा 4 सेकंदांत केसांतलं 70 टक्के पाणी उडवून लावतो. कुठे उडवतो, ते आपल्याला विचारा ना! दिवाळीत रंगवलेल्या भिंतीवर, इस्त्री करून ठेवलेल्या कपड्यांवर आणि भज्यांची ताटली घेऊन निघालेल्या काकूंच्या साडीवर. राहिलेली कसर शेपूट भरून काढतं. गुडघाभर उंचीवर भिंतीला तपकिरी पट्टा! पाहुणे कौतुकानं विचारतात, "बॉर्डर काढून घेतलीत का?" आपण म्हणतो, "हो, हल्ली फॅशन आहे."

बरं, कुत्रा तरी कुठला आणावा? लॅब्रडॉर! मूळ घराणं कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचं. बर्फगार पाण्यात उड्या मारून कोळ्यांची जाळी ओढणं हा खानदानी धंदा. अंगावर केसांचे दोन थर, त्यात वरचा तेलकट, शिवाय बोटांमध्ये पडदे. असल्या गड्याला पुण्यात कोथरूडच्या पाचव्या मजल्यावर पांढऱ्याशुभ्र फरशीवर नांदवायचं, आणि वर त्यानं डबकं दिसलं की बाजूनं जावं अशी अपेक्षा? आपला कारवान हाउंड काय वाईट होता? आखूड केसांचा, एक फडकं फिरवलं की कोरडा. पण छे! शेजारी गोल्डन आला की आपल्याकडे हस्की हवाच. मग हस्कीला एसी, आणि त्याचे केस वेचायला जमिनीवर फिरणारी ती गोल चकती. एके दिवशी पिल्लानं हॉलमध्ये कार्यक्रम उरकला आणि चकतीनं इमानेइतबारे तो घरभर सारवला. घ्या आणखी यंत्रं!

मुंबईकरांनी हसू नये. शिवाजी पार्कच्या लाल मातीची धूळ नाकात जाते म्हणून उन्हाळाभर तक्रारी करणारे दादरकर पावसाळ्यात तीच माती चार-चार पायांनी लिफ्टमधून वर नेतात. लिफ्टमध्ये नक्षी उमटली की सेक्रेटरी भडकणार, 'कुत्र्यांना लिफ्टबंदी' असा बोर्ड लावणार. लगेच कोणीतरी पशू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांची प्रिंट त्याच्या हातात ठेवणार: अशी बंदी घालता येत नाही! मीटिंगला एरवी कोरम होत नाही, त्या दिवशी खुर्च्या कमी पडतात.

आणि गंमत म्हणजे पंजे धुण्याच्या या वेडाला शास्त्राचा आधारही आहे, म्हणजे बोलायचीही सोय नाही. साचलेल्या पाण्यात उंदराचं मूत मिसळतं, त्यातून लेप्टो हा आजार पसरतो. कुत्र्याला होतो, कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईला हे नाव चांगलंच पाठ झालंय. म्हणून दरवर्षी लस, म्हणून पाय धुणं. बोटांच्या बेचक्यात ओल राहिली की बुरशी धरते, म्हणून बेचकी कोरडी करणं. पंजे चाटताना फरशीवरचं फिनेल पोटात जातं, म्हणून फिनेल हद्दपार. मावशी हैराण! "फिनेलशिवाय फरशी पुसली म्हणायची तरी कशी?" असं पुटपुटत त्या साध्या पाण्यानं फरशी पुसतात. पुसून वळतात, तोच मागून धाड धाड धाड! साहेब हॉलमधून बेडरूममध्ये, बेडरूममधून हॉलमध्ये, वळणावर चारही पाय घसरून टीव्हीच्या स्टँडखाली. मावशींनी खरं तर काम सोडायला हवं होतं. सोडलं? छे, पदराखालून बिस्किट काढून देतात!

बाटलेल्यांची यादी तर संपतच नाही. 'कुत्रं दारात शोभतं, घरात नव्हे' असं ठणकावणारे नाना आता हेअर ड्रायर घेऊन त्याचं पोट वाळवत बसतात. नातवाला जुना विटका टॉवेल, आणि ब्रूनोला नवाकोरा सोलापुरी! सोफ्यावर जुनी चादर कायमची. बेल वाजली की ती झटक्यात बेडखाली, आणि पाहुण्यांना "छे हो, हा सोफ्यावर चढतच नाही!" ताकाला जाऊन भांडं लपवावं ते असं. ब्रूनो तेवढ्यात पाहुण्यांसमोर सोफ्यावर चढून आपल्या ठरलेल्या जागी ऐसपैस पसरतो.

आपण मात्र यातले नाही, बरं का! आपण फक्त लांबून गंमत बघणारे. मग तुमच्या काळ्या पँटवरचे ते सोनेरी केस कुणाचे हो?