नव्वद दिवसांचे साहेब

पटायाच्या दक्षिणेला जोमतिएन नावाचा समुद्रकिनारा आहे आणि तिथल्या सोई पाचमध्ये, म्हणजे पाच नंबरच्या गल्लीत, इमिग्रेशनची कचेरी. ती उघडायच्या आधीच दाराशी जी गोरी रांग लागते, तिच्यात आमचे साहेब हमखास सापडतात. एरवी वर्षभर त्यांच्या अंगात बिनबाह्यांचा बनियन, खाली अर्धी चड्डी आणि पायात रबरी चपला. पण सोई पाचला जायचं म्हटलं की कपाटातला एकुलता एक कॉलरचा शर्ट बाहेर निघतो, फुल पँट निघते आणि कित्येक महिने उघड्यावर वाढलेल्या पायांवर चक्क मोजे चढतात. काखेत प्लॅस्टिकचं फोल्डर, खिशात दोन निळी पेनं. एक चालेनासं झालं तर दुसरं.

साहेब मूळचे एसेक्स, लँकेशायर किंवा तसल्याच कुठल्या तरी परगण्यातले. कोणी प्लंबर होते, कोणी फौजेत, कोणी जन्मभर ट्रक चालवला. थाई लोक त्यांना फरांग म्हणतात. मी आपलं साहेबच म्हणतो. ज्यांच्या पूर्वजांनी आपल्या पूर्वजांना दीडशे वर्षं रांगेत उभं केलं, त्यांना स्वतः रांगेत उभं राहिलेलं पाहताना निदान संबोधन तरी जुनं ठेवावं.

निवृत्तांना इथे राहू देण्याचा नियम तसा साधा आहे. वय 50 पूर्ण हवं आणि थाई बँकेत 8 लाख बाथ हवेत. नाहीतर महिना 65,000 बाथचं उत्पन्न दाखवा. 8 लाख बाथ म्हणजे आपले वीस लाखांहून जास्त रुपये. हे पैसे अर्जाच्या आधी दोन महिने खात्यात पडून असले पाहिजेत, मुदतवाढ मिळाल्यावर पुढचे तीन महिने त्यांना हात लावायचा नाही, आणि उरलेल्या वर्षातही शिल्लक 4 लाखांच्या खाली जाता कामा नये. थोडक्यात, हे पैसे म्हणजे लग्नातले दागिने. मिरवायचे, मोडायचे नाहीत. पूर्वी वकिलातीकडून उत्पन्नाचं पत्र आणलं की भागायचं. पण 2019 पासून ब्रिटिश आणि अमेरिकन वकिलातींनी ते देणं बंद केलं. त्या सुमाराला जोमतिएनच्या बारांमध्ये जो हलकल्लोळ झाला, तसला युद्धात झाला नसेल.

अर्जाची फी 1,900 बाथ. ती भरायला कोणाची ना नसते; जीव जातो तो कागद गोळा करताना. बँकेचं पत्र ताजं हवं. पासबुकातली शेवटची नोंदही त्याच दिवशीची हवी, म्हणून साहेब भल्या सकाळी एटीएममधून शंभर बाथ काढतात. पैशांची गरज नसते, नोंदीची असते. पासपोर्टाच्या पानापानाची झेरॉक्स, प्रत्येक झेरॉक्सवर सही. कचेरीजवळच्या झेरॉक्सवाल्या बाईला कोणत्या खिडकीवर आज कोण बसलंय आणि ती व्यक्ती कोणत्या कागदावर अडते, हे तोंडपाठ. वकिलाकडे जाऊन जे कळत नाही ते तिथे दोन बाथला एक पान या भावानं कळतं. एजंटही आहेत. सरकारी कचेरीबाहेर उभा असलेला एजंट ज्यानं एकदा पाहिलाय, त्या मराठी माणसाला मी याहून अधिक सांगायला नको.

आणि सगळ्यात मोठी परीक्षा म्हणजे नकाशा. राहत्या घराचा नकाशा स्वतःच्या हातानं काढून जोडायचा. पंच्याहत्तरीचे साहेब फोल्डर मांडीवर ठेवून, जीभ दाताखाली धरून, तिसरीतल्या पोराच्या एकाग्रतेनं रेघा मारत असतात. समुद्र काढतात, त्याला लाटा काढतात. मग एक चौकोन काढून त्यात लिहितात, 7-इलेव्हन. थायलंडमधल्या कुठल्याही पत्त्याची सुरुवात 7-इलेव्हनपासून होते. अडचण इतकीच की साहेबांच्या गल्लीच्या तोंडाशी एक 7-इलेव्हन आहे, समोर दुसरं आहे आणि वळणावर तिसरं. एका साहेबांनी तिन्ही काढली, आणि कोणत्या दुकानात सॉसेज चांगले मिळतात तेही बाण मारून दाखवलं. अर्ज मंजूर झाला.

मुदतवाढ मिळाली म्हणून सुटका नाही. दर नव्वद दिवसांनी ‘मी अजून तिथेच राहतो’ असं सरकारला कळवायचं. फॉर्मचं नाव टीएम 47. उशीर झाला तर 2,000 बाथ दंड. पुढच्या तारखेची चिठ्ठी पासपोर्टात पिन मारून मिळते आणि साहेबांचं सगळं पंचांग त्या चिठ्ठीभोवती फिरतं. मुलीचं बारसं, बहिणीचं आजारपण, गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं चिठ्ठीच्या अलीकडे किंवा पलीकडे. शिवाय आपल्या घरात परदेशी माणूस उतरलाय, हे घरमालकिणीनं चोवीस तासांत कळवलेलं असावं लागतं. त्याचा फॉर्म वेगळा, टीएम 30. मालकिणीनं तो भरला नसेल तर ओरडा साहेबांनाच. घर मात्र तिचंच राहणार, कारण परदेशी माणसाला इथे जमीन घेता येत नाही. फ्लॅट घेता येतो, पण इमारतीतल्या एकूण जागेपैकी 49 टक्क्यांपर्यंतच परदेशी लोकांच्या नावे असू शकते. आणि निवृत्तीच्या परवान्यावर कामधंदा करायची सोय नाही.

खिडकीमागे पंचवीस-सव्वीस वर्षांची खाकी गणवेशातली पोरगी असते. तिच्यासमोर साहेब हात जोडतात, मान लववतात आणि येणारा एकुलता एक आदरार्थी थाई शब्द दोनदा म्हणतात. ती वर न बघता शिक्का मारते. बाहेर येताना साहेब घामानं निथळलेले असतात, पण चेहऱ्यावर बोर्डाच्या परीक्षेत पास झाल्याचं तेज.

इथपर्यंतचे साहेब सकाळचे. खरी रंगत दुपारनंतर.

सोईतला बार इंग्रजाचा आहे, म्हणजे कागदोपत्री त्याच्या थाई बायकोचा. भिंतीवर फुटबॉल क्लबचे स्कार्फ, फळ्यावर ‘रविवारी रोस्ट बीफ’, टीव्हीवर लंडनच्या बातम्या. साहेब मोजे काढून खिशात घालतात, लिओ बियरची थंड बाटली समोर येते आणि मायदेशाचा प्रश्न हाती घेतला जातो. देशाची वाट लागली, यावर सर्वांचं एकमत असतं. कोणी लावली, यावर पुढच्या तीन बाटल्या. इंग्लिश खाडीतून रबरी बोटींनी काल किती जण उतरले, हा आकडा साहेबांना आपल्या रक्तदाबापेक्षा पाठ असतो.

“येतात, आणि आमची भाषा शिकत नाहीत,” साहेब म्हणतात. साहेबांना इथे येऊन बारा वर्षं झाली. त्यांच्या थाई भाषेत बियर, बिल आणि डावीकडे वळ एवढं बसतं.

“एकाच मोहल्ल्यात गोळा होऊन राहतात!” टेबलाभोवतीची सहाही डोकी हलतात. सहापैकी चौघे एकाच इमारतीत राहतात, दोघे समोरच्या.

“त्यांची दुकानं वेगळी, त्यांचं खाणं वेगळं!” तेवढ्यात बीन्स-ऑन-टोस्ट येतं.

मालकीणबाई शेंगदाण्याची बशी ठेवून जातात. त्यांना इंग्रजी उत्तम कळतं.

मला सगळ्यात मजा वाटते ती तिसऱ्या बाटलीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या साहेबांची. अलीकडे साहेब थायलंडवर जाम खूश असतात: “हा खरा देश! कागद नसेल तर दिवसाला 500 बाथ दंड, वर हकालपट्टी. आमच्याकडे असंच पाहिजे.” पलीकडे तेच साहेब टेबलावर मूठ आपटतात: “इतकी वर्षं इथे पैसा ओततोय आणि मला दर तीन महिन्यांनी गुन्हेगारासारखी हजेरी? माझ्यावर विश्वास नाही यांचा?” दोन्ही मतं मनापासूनची. यात ढोंग असतं तर मी हे लिहायच्या फंदात पडलो नसतो.

मायदेशानं साहेबांना म्हणावं तसं वागवलेलं नाही, हे मात्र कबूल केलं पाहिजे. ब्रिटनची सरकारी पेन्शन थायलंडात राहणाऱ्याला मिळते, पण वाढत नाही. सुरू होताना जी होती ती तशीच गोठते. समुद्रापलीकडे फिलिपिन्सला राहिलं तर दरवर्षी वाढते. का, ते विचारू नये. ब्रिटिश साम्राज्यानं नियमांचं कारण सांगायची पद्धत पाडलेली नाही. 2016 च्या जूनमधलं ते सार्वमत आठवतं का? युरोपातून बाहेर पडायच्या बाजूनं 51.9 टक्के मतं पडली. निकाल इथे सकाळी अकराच्या सुमाराला कळला आणि बारमध्ये घंटा वाजली. घंटा वाजवणाऱ्यानं सगळ्यांना पाजायची अशी इथली रीत आहे. मग साहेब मनी चेंजरच्या खिडकीवर गेले. पन्नाशीच्या वर असलेला पौंड पन्नाशीच्या खाली आला होता. स्वातंत्र्याची किंमत मोजावी लागते म्हणतात. साहेबांनी ती बाथमध्ये मोजली.

गंमत अशी की त्या सार्वमतात कितीतरी साहेबांना मतच नव्हतं. देश सोडून पंधरा वर्षांहून जास्त झालेल्यांचा मताधिकार जायचा. ती अट 2024 च्या जानेवारीत उठली आणि साहेब तरुण झाले. त्याच वर्षी जुलैत निवडणूक. एका साहेबांची टपाली मतपत्रिका जोमतिएनला पोचली तेव्हा नवा पंतप्रधान घरात राहायलाही गेला होता. आता पुढच्या खेपेला मायदेशातल्या कुणाला तरी आपल्या वतीनं मत द्यायला सांगायचं, असा पर्याय आहे. साहेबांचं तिथे उरलेलं नातलग एकच, धाकटी बहीण. आणि ती जन्मभर लेबरची. साहेब अजून विचारात आहेत.

पूल टेबलाच्या दोन टोकांना दोन अमेरिकन बसतात. ते 2016 पासून एकमेकांशी बोलत नाहीत. काही सांगायचं झालं तर चेंडूमार्फत.

एवढ्या गदारोळात एका देशाच्या राजकारणावर मात्र अवाक्षर निघत नाही, तो म्हणजे थायलंड. नऊ-साडेनऊ हजार किलोमीटरवरून पंतप्रधानाला फाडून खाणारा माणूस इथे नगरपालिकेच्या गटाराविषयीही आवाज खाली आणून बोलतो. राजघराण्याविषयी वावगं बोललं तर कलम 112 खाली 3 ते 15 वर्षांची शिक्षा आहे, त्यामुळे हे शहाणपणाचंच. पण कुतूहलही नाही. 2014 चा लष्करी उठाव साहेबांना आठवतो तो संचारबंदीमुळे बार लवकर बंद व्हायचे म्हणून. पर्यटकांसाठी पटायातली संचारबंदी आधी उठवली, ही त्यांच्या लेखी लष्कराची मोठी कामगिरी. 14 मे 2023 ची सार्वत्रिक निवडणूकही तशीच लक्षात आहे. मतदानाच्या आदल्या संध्याकाळपासून दारूविक्री बंद असते. सगळ्यात जास्त जागा जिंकलेल्या पक्षाला सरकार बनवता आलं नाही, नियुक्त सेनेट आडवं आलं, हे सगळं त्यानंतर घडलं. तोवर बार उघडले होते.

उंटावरून शेळ्या हाकायची ही कला काही फक्त गोऱ्यांची नाही, हे घरच्यांनाही ऐकवलं पाहिजे. बँकॉकला चेंग वत्तनाच्या सरकारी संकुलात गेलात तर तीच रांग, तीच फोल्डरं, आणि मध्येच एखादा आपला माणूस. कंपनीनं वर्क परमिट काढून दिलेलं, बायकोचा परवाना त्याच्यावर लटकलेला, पोराच्या शाळेची फी डॉलरच्या तोऱ्यात. टोकन हातात धरून तो गावाकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन्ही अंगठ्यांनी टाइप करत असतो. 2022 साली शिवसेना फुटली तेव्हा खरी कुठली, यावर या ग्रुपांतून भाऊ भावाला बोलेनासा झाला. पण आवडता विषय जुनाच. मुंबईवर येणारे लोंढे. “परवान्याची पद्धत आणा म्हणजे कळेल यांना,” असं लिहून तो पाठवतो, तेवढ्यात त्याचा नंबर पुकारला जातो आणि गडी शर्ट खोचत पळतो.

साहेबांकडे परत येऊ. दरवर्षी मुदतवाढीच्या महिन्यात ते देश सोडायची घोषणा करतात. कंबोडिया स्वस्त आहे, व्हिएतनाम सुधारलाय, फिलिपिन्सला तर पेन्शनसुद्धा वाढते. आतापर्यंत कोणी गेल्याचं ऐकिवात नाही. परवा मात्र एक साहेब खरोखरच निघाले होते. गुडघे गेले, इथल्या खासगी इस्पितळाचं बिल परवडेना. म्हणाले, बायकोला घेऊन घरी जातो, सरकारी दवाखाना फुकट आहे. बायको उदोन थानीची, साहेबांपेक्षा वीस वर्षांनी लहान, हिशेबाला पक्की. तिनं मोबाइलवर ब्रिटनचे नियम काढले. परदेशी बायकोला न्यायचं तर नवऱ्याचं वर्षाचं उत्पन्न किमान 29,000 पौंड हवं. 2012 मध्ये 18,600 होतं, 2024 च्या एप्रिलमध्ये वाढवलं. ज्या दिवशी ही वाढ जाहीर झाली त्या दिवशी याच साहेबांनी याच बारमध्ये सगळ्यांना पाजली होती. साहेबांची पेन्शन त्याच्या अर्ध्यावरही नाही.

“हा नियम तुझ्यासारख्यांसाठी नाही,” साहेब म्हणाले. “तो त्या दुसऱ्या लोकांसाठी आहे.”

“इथे तर माझंच नाव लिहिलंय,” ती म्हणाली. मग तिनं कॅल्क्युलेटर उघडला. थाई बायको आहे म्हणून साहेबांना 8 ऐवजी 4 लाखांवरही राहता आलं असतं. कागद दुप्पट लागतात म्हणून त्यांनी तो रस्ता धरला नव्हता. तिकडे 29,000 पौंड म्हणजे बारा लाख बाथच्या वर, तेही दरवर्षी. तिनं आकडे दोनदा तपासले आणि फोन साहेबांसमोर धरला.

“बघ. तुला ठेवून घ्यायला माझा देश चार मागतो, मला ठेवून घ्यायला तुझा देश बारा. तुझ्यापेक्षा माझा भाव तिप्पट आहे.”

साहेबांनी आकडा पाहिला, चष्मा काढून पुन्हा पाहिला आणि मालकीणबाईंना विचारलं, लग्नाच्या परवान्याला नकाशे किती जोडावे लागतात.