‘ईगल आय’ आणि खानदेशची संरक्षणसिद्धता

डी. जे. कारुसो दिग्दर्शित ‘ईगल आय’ (2008) या थरारपटात ‘एरिया’ नावाचा महासंगणक अमेरिकेचे सरकार संपवायला निघतो. मोबाईलवरून तो सामान्य माणसांना हुकूम सोडतो, सिग्नल फिरवतो, क्रेन हलवतो, विजेच्या तारा तोडतो. जळगाव आणि धुळे हे जिल्हे अशा संकटापासून पूर्ण सुरक्षित आहेत, आणि तेही संरक्षण खात्याच्या खर्चाविना. सिग्नल ताब्यात घ्यायचा तर तो आधी चालू हवा. चालू असलाच तर पाळणारे हवेत. यंत्राचा फोन आल्यास ‘रेंज नाही, गच्चीवर जाऊन बोलतो’ एवढ्यावर कट बारगळतो. तारा तोडण्याचे काम पहिला वादळी पाऊस परस्पर उरकतो. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे सरकला की सर्व्हरला आधी स्वतःसाठी कूलर शोधावा लागेल.

राहिले माणसांवरचे नियंत्रण. कृषिपंपांची थ्री-फेज वीज रात्रपाळीत आली, की रावेर-यावलचा केळी उत्पादक मध्यरात्री अंथरूण सोडतो आणि हातात बॅटरी घेऊन, बिबट्याच्या वाटेने, मुकाट मोटार सुरू करायला जातो. एवढी आज्ञाधारकता ‘एरिया’ला सबंध चित्रपटात मिळवता आली नाही. येथे ती कोणत्याही बुद्धिमत्तेचा वापर न करता साधलेली आहे.