आधी वास, मग नाव

कांद्याला आपण पोटावरून ओळखतो, आणि घोळ तिथंच सुरू होतो. सोलला, पापुद्रे निघाले, की झाला कांदा. त्यामुळे एखाद्या माळावर खणताना असा गोलमटोल, पांढरट ऐवज हाती लागला की त्याला ‘रानकांदा’ म्हणून आपण मोकळे. या मंडळींतला सगळ्यांत मातबर म्हणजे कोळकांदा. शास्त्रातलं नाव ड्रिमिया इंडिका. पावसाळा चार महिने आणि कोरड आठ महिने, अशा मुलखात पानांच्या बुडाशी अन्न साठवून जमिनीखाली दडी मारायची अक्कल बऱ्याच वनस्पतींना सुचली. दोन घरांच्या माजघरात सारखीच कणगी दिसली म्हणून ती घरं काही भाऊबंदांची ठरत नाहीत.

मग खरा कांदा ओळखायचा कसा? नाकानं. पण त्यातही गंमत आहे. काही अभ्यासू माणसं रानात वाकून, डोळे मिटून, गुलाब हुंगावा तसं पान हुंगतात. काही उपयोग नाही. कांद्याचा तो वास पानात तयार नसतोच. गंधकाची संयुगं पेशीच्या एका कप्प्यात, ॲलिनेज नावाचं विकर दुसऱ्यात. पान चुरगळलं की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि वास सुटतो. तेव्हा आधी चुरगळायचं, मग हुंगायचं. कोळकांद्याचं पान चुरगळलं तर कांद्याचा मागमूस नाही, वर हाताला खाज. मात्र एकदा खरा कांदा चोळला की बोटं धुवावीत. नाहीतर त्या दिवशी पुढं भेटेल ते गवतही कांदाच. आणि चव घेऊन खात्री करायची हौस तर मुळीच नको. कोळकांदा विषारी आहे. त्यातली द्रव्यं थेट हृदयावर काम करतात. कफ सुटायचं औषध म्हणून त्याचा लौकिक आहे खरा, पण ते जाणत्याच्या हातचं काम.

नाकाचा कौल फुलाकडून पक्का करून घ्यावा. आता कांद्याचं फूल शहरात पाहिलंय कुणी? त्याला फुलायची सवड मिळण्याआधीच आपण त्याची भजी करतो. निफाड-लासलगावकडच्या शेतकऱ्याला ते चांगलंच ठाऊक असतं, पण कौतुकानं नव्हे. थंडीनं पिकात डेंगळे आले की त्याच्या कपाळाला आठ्या, कारण डेंगळ्याचा कांदा टिकत नाही. बियाण्यासाठी राखलेल्या वाफ्यात मात्र हेच डेंगळे लाडके, आणि त्यांच्या टोकाचे गोंडे तर पाहत बसावेत असे. पोकळ दांड्याच्या शेंड्यावर आधी पातळ कागदी टोपी. ती फाटली की आतून शेकडो देठ एकाच बिंदूतून चहूबाजूंनी सुटलेले. प्रत्येक देठावर एक पांढरी चांदणी: सहा पाकळ्या, प्रत्येकीच्या मधून एक हिरवी रेघ, सहा पुंकेसर आणि मधोमध तीन कप्प्यांचा बीजकोश. कोळकांद्याचा थाट निराळा. सरळसोट काठी, आणि तिच्यावर मळकट रंगाची फुलं एकावर एक, खालून वर उमलत जाणारी. गोंडा नाही की टोपी नाही.

एवढं कळलं की काम सोपं वाटतं. पण कोळकांदा फुलतो भर उन्हाळ्यात, आणि तेव्हा त्याला पानं नसतात. पानं येतात पावसात, तेव्हा फुलं नसतात. थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ काढला, तसल्या ग्रंथांचा खाक्या उलटतपासणीचा: पानं कशी, फुलं कशी, आधी कोण, नंतर कोण? कुक हे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे, म्हणजे पुढच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, प्राचार्य. प्रश्न मुद्देसूद असणारच. पण मे महिन्यात आपल्यासमोर नुसती काठी, जुलैत नुसती पानं. एका झाडाची साक्ष पुरी व्हायला दोन ऋतू.

बरं, शास्त्रज्ञांनी तरी कुठं एका घरी राहू दिलंय? पूर्वी कांदा, कोळकांदा आणि शतावरी, सगळे लिलीच्याच कुळात गुण्यागोविंदानं नांदत होते. मग जनुकं तपासली गेली आणि वाटण्या झाल्या. आज कांदा आहे सुदर्शनाच्या कुळात आणि कोळकांदा शतावरीच्या. आपला रानकांदा कांदा नसला, तरी हिमालयात मात्र खरेखुरे रानटी कांदे आहेत. उत्तराखंडात त्यांतल्याच एकाची वाळवलेली पात जंबू म्हणून डाळीच्या फोडणीत पडते.

शतावरीच्याच कुळातली आणखी एक भाजी आपल्याकडं पावसाळ्यात बाजारात उतरते. कांद्याच्या पातीसारखी दिसते, पण बुडाशी कांदा नाही आणि पानाला वास नाही. पालघरच्या बाजारात एका मावशींपुढच्या हिरव्या जुडीतलं पान मी चुरगळून, हुंगून, उलटंसुलटं करून पाहत होतो. माझा तपास बराच वेळ चाललेला बघून त्यांनी जुडी माझ्या हातून काढून घेतली.

“फोडशी हाय ती, दादा. मधला पांढरा दांडा काढून टाकायचा, कवळी पानं तेवढी चिरायची.”

“आणि कांदा?”

“तो तुमच्या घरचा घाला की.”