बालेकिल्ल्याला कुलूप

आमच्या मालवण तालुक्यात सध्या दोन धंदे जोरात आहेत. एक स्कूबा डायव्हिंगचा आणि दुसरा कुलपांचा. स्कूबा पावसाळ्यात बंद असतं. कुलपांना पावसाळ्यातच मागणी वाढते, कारण खाऱ्या दमट हवेत जुनी गंजून जातात.

ही माहिती भाऊंची. भाऊ आमच्या वाडीचे बूथप्रमुख. पक्ष कुठला ते सांगत नाही, कारण हा मजकूर छापून होईपर्यंत तोच राहील याची खात्री नाही. एवढं खरं की पक्ष परंपरा जपणारा आहे. देव, देश, धर्म, भूमिपुत्र आणि 'आपली माणसं' ही त्याची पाच तत्त्वं. त्यातलं पाचवं सध्या गावात सापडत नाही. परवा कानावर पेन खोचून आणि हातात मतदारयादी घेऊन भाऊ घरोघर हिंडले. यादीत नाव होतं तिथे दाराला कुलूप होतं, आणि दार उघडं होतं तिथल्या माणसाचं नाव यादीत नव्हतं. तिन्हीसांजेला माझ्या पडवीत टेकत ते म्हणाले, "गाव भरलेलो असा, यादीय भरलेली असा. पण दोघांची गाठ पडाना."

२००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात ८,६८,८२५ माणसं होती. २०११ मध्ये ८,४९,६५१ भरली. त्याच दहा वर्षांत देश अठरा कोटींनी वाढला आणि आम्ही एकोणीस हजारांनी घटलो. पुढे २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे सरकारी हिशेबाने २०११ नंतर आमच्या गावातून कोणी कुठे गेलेलं नाही. सगळे घरातच आहेत, बाहेरून कुलूप लावून. मागच्या सभेत एका पाहुण्या वक्त्याने तरीही आवाहन केलं की समाज टिकवायचा असेल तर प्रत्येक घरात निदान तीन मुलं हवीत. समोरच्या खुर्च्यांचं सरासरी वय सत्तर असावं. पहिल्या रांगेतल्या बायकांनी तोंडाला पदर लावला. मागच्या रांगेतून एक आवाज आला, "आदी असलेली तीन परत हाडून दी रे!"

माणसं घटली की नकाशाही आखडतो. १६६४ साली शिवाजी महाराजांनी ज्या मालवणसमोरच्या कुरटे बेटावर किल्ला बांधायला घेतला, त्या मालवणच्या नावाचा विधानसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत गेला. कणकवली, कुडाळ, सावंतवाडी उरले आणि मालवण कुडाळच्या पोटात गेलं. बॅरिस्टर नाथ पै आणि मधु दंडवते यांचा राजापूर लोकसभा मतदारसंघही तेव्हाच गेला. भाषणांत मात्र आमचा तो 'अभेद्य बालेकिल्ला' अजून आहे. अभेद्य असणारच. दाराला कुलूप आहे म्हटल्यावर शिरणार कोण?

आता कायद्याचं बघा. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २० म्हणतं की एखाद्या मतदारसंघात माणसाच्या मालकीचं घर आहे, एवढ्यावरून तो तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. हे कलम लिहिणाऱ्याने कोकण पाहिलं नसावं. किंवा नीट पाहिलं असावं. आमच्या चाकरमान्याचं घर इथे, संसार डोंबिवलीला, कुलदैवत इथे, रेशनकार्ड तिथे. नाव दोन्हीकडे. २०२५ मध्ये स्थानिक निवडणुकांच्या याद्यांत दुबार नावांसमोर दोन तारे छापायचं ठरलं, तेव्हा भाऊ हादरले. "यादी नाय ती, आकाश झाला," म्हणाले. मी म्हटलं, एकाला एकच मत असा कायदाच आहे. भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गणपतीला सोड्यांचं कालवण दाखवायला सांगितलंय.

गणपती हाच खरा आमचा निवडणूक आयोग. यादीतला मतदार प्रत्यक्ष दिसतो तो तेव्हाच. म्हणून भाऊ आरत्यांना हिंडतात. एका हातात टाळ, दुसऱ्या हातात यादी. देवावर टांगलेली माटवी पाहून त्यांना घराचा अंदाज येतो. कवंडळं, शेरवडं, कांगण्या, नारळाची पेंड जिथे ताजी बांधलेली, त्या घरात निदान एक तरणा हात आहे. जिथे माटवीला प्लास्टिकची फळं लोंबतात, तिथे म्हातारी एकटी. दर वर्षी प्लास्टिक वाढतं आणि अकरा दिवसांचा गणपती पाचावर, पाचाचा दीडावर येतो. नेत्यांनी यावर उपाय काढला. गावाला जायला फुकट बसगाड्या, शिवाय २०२१ मध्ये नितेश राणे यांनी दादरहून सोडलेली 'मोदी एक्स्प्रेस'. चाकरमानी फुकट येतो, मोदक खातो, पुतण्याला स्कूबाला नेतो आणि दीड दिवसाचं विसर्जन झालं की स्वतःही विसर्जित होतो. एका चाकरमान्याच्या नातवाने भाऊंना विचारलं, "अंकल, आप यहाँ का होमस्टे चलाते हो क्या?" भाऊ दोन दिवस जेवले नाहीत. पोरगं लालबागच्या गिरणीकामगाराचा पणतू. १९६६ मध्ये शिवसेना उभी राहिली ती त्याच्या पणजोबासारख्यांच्या खांद्यावर. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, चाळीच्या जागी टॉवर आले, खांदे कल्याण-विरारला गेले आणि मराठी माणसाच्या पक्षाला मराठीत 'अंकल' म्हणणारासुद्धा मिळेना.

गावात मागे राहिल्या बायका. २०११ ला आमच्याकडे हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या. ही आमची पुरोगामी मानसिकता नव्हे, पुरुष मुंबईला असल्याचा पुरावा. परंपरा जपणाऱ्या पक्षाच्या बैठकीत पूर्वी बायका चहा द्यायला यायच्या. आता चहा प्यायला पुरुष नाही आणि बैठकीलाही नाही. २०२४ ला 'लाडकी बहीण' आली, महिना १,५०० रुपये, वय २१ ते ६५. घरी येऊन मत घेण्याची सोय वयाच्या ८५ पासून. मधली वीस वर्षं बाई बहीणही नसते आणि म्हातारीही नसते. आमच्या वाडीतल्या बहुतेक बायका नेमक्या त्या वीस वर्षांत अडकल्या आहेत.

आमच्या शेजारच्या आजीने मात्र ते अंतर कापलं. २०२४ च्या विधानसभेला ती ८८ वर्षांची. घरून मत घ्यायला अधिकारी, पोलिस, चित्रीकरणवाला आणि पक्षांचे प्रतिनिधी असा लवाजमा तिच्या खळ्यात उतरला. इतकी माणसं तिने मुलीच्या लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिली. तिने सगळ्यांना कोकम सरबत दिलं आणि मतपत्रिका डोळ्यांजवळ धरली.

"माका झोपडी व्हयी," ती म्हणाली.

तिचं पहिलं मत १९५७ चं, नाथ पैंना, प्रजासमाजवादी पक्षाच्या झोपडीला. भाऊ बाहेरून ओरडले, "आजये, झोपडी आता नाय!" अधिकाऱ्याने भाऊंना दटावलं. आजीने मग नांगरवाला शेतकरी शोधला, १९७७ चा, दंडवत्यांचा. तोही नव्हता. शेवटी तिला एक ओळखीचं चित्र सापडलं.

"हो बाण कोणाचो?"

अधिकारी म्हणाला, आजी, मला सांगता येत नाही. आजीला वाटलं त्याला खरंच ठाऊक नाही. तसं पाहिलं तर ते सांगणं कोणालाही कठीण होतं. २०१४ ला याच कुडाळमध्ये धनुष्यबाण वैभव नाईकांच्या हातात होता आणि तो काँग्रेसच्या नारायण राणेंना लागला. २०२४ ला धनुष्यबाण राणेंचे थोरले चिरंजीव निलेश यांच्या हातात आला आणि समोर मशाल घेऊन वैभव नाईक. कणकवलीत धाकटे चिरंजीव नितेश कमळावर, लोकसभेत वडील कमळावर. आजीला हे समजावून सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बापाशीक लागलेलो बाण झिलान उपटून घेतलो म्हणा." इतकं नेमकं राजकीय विश्लेषण मी तरी वाचलेलं नाही.

भाऊंचा स्वतःचा इतिहासही असाच. त्यांनी आयुष्यात कधी पक्ष बदलला नाही, राणेसाहेबांची साथ सोडली नाही एवढंच. साहेब १९९० ला शिवसेनेचे आमदार, २००५ ला काँग्रेसमध्ये, २०१७ ला स्वाभिमान पक्ष, २०१९ ला भाजप. भाऊंच्या माळ्यावरच्या ट्रंकेत चारही पक्षांची उपरणी आहेत. एप्रिल-मेमध्ये वहिनी मालवणी मसाल्याच्या मिरच्या उन्हात घालतात, तेव्हा त्यांवर हीच उपरणी पसरतात. कावळे कुठल्याच चिन्हाला भीत नाहीत, असा त्यांचा अनुभव आहे.

तर मतदार मुंबईला. मग उघड्या दारांत कोण आहे? देवगडच्या कलमबागा राखतो नेपाळी. चिऱ्याच्या खाणीत कर्नाटकातली कुटुंबं. ट्रॉलरवर खलाशी येतो तो कुठून कुठून, आपला झिल फक्त डेकवर उभा राहून फोटो काढतो. भाऊंच्या पक्षाचा बाहेरच्यांना विरोध आहे आणि तो तत्त्वाचा आहे. सभेचा मंडप मात्र बाहेरचेच घालतात. मागच्या वर्षी पक्षाने भजनी मंडळाला पखवाज आणि टाळ भेट दिले. बुवा पंचाहत्तरीचे, पखवाजवाला दम्याचा. शेवटी झांज वाजवायला बागेतला नेपाळी बसवला. तो तालात पक्का निघाला. डबलबारीत समोरच्या बुवांनी त्यावर आक्षेप घेतला, तेव्हा भाऊंनी जाहीर केलं की नेपाळ हे हिंदूंचंच. विषय संपला. फक्त त्याला मत नाही, ही हळहळ भाऊंना रात्रभर पुरली.

आणि आमचे तरुण? ते सकाळी मोटारसायकलीवर पत्रादेवीचा नाका ओलांडतात. गोव्यात औषधांचे कारखाने आहेत, हॉटेलं आहेत, आता मोपाचा विमानतळ आहे. चिपीला आमचाही आहे, पण तिथे विमानापेक्षा उद्घाटनाची आठवण जास्त वेळा उतरते. भाऊंचा स्वतःचा झिल पेडण्यात नोकरीला. एकदा कोणीतरी त्याला 'भायलो' म्हटलं, घाटी म्हटलं. गोव्यातही भूमिपुत्रांचं राजकारण आहे, तिथल्या एका नव्या पक्षाने २०२२ ला मूळ गोंयकार कोण या प्रश्नावर लढून सांत आंद्रेची जागाही काढली. भाऊ संतापले. "माणूस खंयचोय असो, कामाक जाताहा ना? मगे तेका भायलो कित्याक म्हणतत?" मी विचारलं, हे पुढच्या सभेत बोलाल का? भाऊंनी विषय बदलून माशांच्या भावावर नेला.

परवा वरून निरोप आला की बूथ मजबूत करा. माणसांच्या हातातलं काही उरलं नाही, म्हणून भाऊंनी देवाला गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. गाऱ्हाण्याला जमाव लागतो, 'व्हय म्हाराजा' म्हणायला. जमले ते असे: बुवा, आजी (खुर्चीसकट), मी, नेपाळी, आणि चिरेखाणीवरच्या कामगाराची सातवीतली मुलगी. तिची आई देवळाचं आवार झाडते. भाऊंनी नारळ ठेवला आणि आवाज चढवला.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," आम्ही पुटपुटलो.

"जी काय पोरांबाळां मुंबैक, पुण्याक, गोंयाक गेलली असत, तेंका ओळखपत्रासकट मतदानाच्या आदी गावाक हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"एकाची दोन झालेली नावां कोणाच्या नदरेक पडाक देऊ नको रे म्हाराजा!"

इथे मी गप्प बसलो. बुवांना खोकला आला. आजी झोपली होती.

"आणि आमच्या मातयेत जो कोण भायलो येऊन रुजाक बघता, तेका…"

भाऊ थांबले. कारण मागच्या 'व्हय म्हाराजा' ला सगळ्यात खणखणीत आवाज त्या मुलीचा होता, आणि आता ती तोंड उघडून तयारच उभी होती. भाऊंनी आवंढा गिळला. "…तेका चांगली बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ती एकटीच ओरडली. आजी दचकून जागी झाली.

नारळ फुटला. खोबरं वाटता वाटता भाऊंनी सहज विचारावं तसं तिला विचारलं, जन्म खंयचो? इथलाच, मालवणच्या दवाखान्यातला. मालवणी तिचं चाकरमान्यांच्या नातवंडांपेक्षा कितीतरी स्वच्छ. भाऊंनी यादीच्या कोऱ्या पाठीवर तिची जन्मतारीख लिहून घेतली, बोटांवर हिशेब केला आणि पाच वर्षांनंतरच्या निवडणुकीसमोर एक बारीकशी खूण केली.

"मत खंय घालूचा असता?" तिने विचारलं.

"तुमच्याच शाळेत. थयच बूथ असता."

"पण गुरुजी म्हणतत, पोरां कमी झाली म्हणून शाळा बंद होतली."

भाऊंनी हातातलं खोबरं खाली ठेवलं आणि पिशवीत दुसरा नारळ आहे का ते पाहू लागले.