मासे मोजणारा

बारावीनंतर मेडिकल-इंजिनिअरिंगची रांग सोडून ‘मी मरीन बायोलॉजिस्ट होणार’ असं जाहीर करणारी मुलं बहुधा टीव्हीवरच्या डॉल्फिनने बिघडवलेली असतात. आमचा मरीनवाला त्यांतलाच. डॉल्फिन पाळून खेळ करायला आपल्याकडे 2013 सालीच मनाई झाली, हे त्याला कळतं तेव्हा तो रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात पोचलेला असतो. आणि बी.एफ.एस्सी.ची चार वर्षं कशात जातात? कोळंबीचे रोग, जाळ्याचे आस, तलावाची खोली, बर्फात मासळी किती दिवस टिकते. काका विचारतात, ‘‘म्हणजे शेवटी मासेच विकायचे ना?’’ शाकाहारी आजी त्याची बॅग गॅलरीच्या आत येऊ देत नाही.

पुढे एम.एफ.एस्सी.साठी कृषी अनुसंधान परिषदेची (आयसीएआर) परीक्षा, मग वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था (सीआयएफई). नाहीतर गोव्यात दोनापावल्याच्या समुद्रविज्ञान संस्थेत कुठल्यातरी प्रकल्पावर चिकटायचं. प्रकल्पाची मुदत संपली की नवा शोधायचा. या साऱ्यात डॉल्फिन भेटतो तो एखाद्या सकाळी, बोटीपासून लांब, नुसती पाठ. तेवढ्यात आपल्या वीराला बोट लागलेली असते.

पण बाजारात त्याला बघावं. मासळीच्या पाटीपुढे उकिडवा बसून तो बांगड्याच्या तोंडापासून शेपटीपर्यंत पट्टी लावतो, आकडा वहीत टिपतो, कल्ला उघडून आत डोकावतो. मावशी कोयता थांबवून विचारते, ‘‘घ्यायचाय का नुसताच मोजायचाय?’’ त्याला हवी असतात फक्त डोकी. माशाच्या कानात बारीकसा खडा असतो, तो घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात आणि माशाचं वय कळतं. हे सगळं तो मावशीला सांगतो. मावशी डोक्यांचेही पैसे लावते.

त्याच्याबरोबर जेवायला बसू नये. ताटात पापलेट आलं की राज्यमासा असल्याचं तो बजावतो, वर ‘फारच लहान पकडलंय’ म्हणून सुस्कारा टाकतो. 2023 साली सरकारने 54 जातींना किमान आकार ठरवून दिलाय. त्यातले निम्मे तरी त्याला तोंडपाठ. सुस्कारा संपेपर्यंत पापलेटही संपलेलं असतं, त्याच्याच ताटातलं.

एवढ्या खटपटीनंतर एकदाचं नावामागे डॉक्टर लागतं. त्याच आठवड्यात शेजारच्या काकू धावत येतात: टाकीतला गोल्डफिश उलटा पोहतोय! हा हात धुऊन जातो, काचेला नाक लावून बराच वेळ बघतो, पाण्यात बोट बुडवून वास घेतो.

‘‘पाणी बदला काकू. आणि खायला कमी घाला.’’

‘‘एवढंच?’’ काकू म्हणतात. ‘‘हे तर पेपरवाल्याचा मुलगाही सांगत होता.’’