पगार हिंजवडीचा, अट माद्रिदची

रीलमध्ये समुद्र असतो, लॅपटॉप असतो, शहाळं असतं. सॅलरी स्लिप नसते. व्हिसा मात्र त्या स्लिपवरच मिळतो.

रिमोट वर्कर व्हिसा म्हणजे नोकरी आपल्या देशातली, पगार आपल्या देशातून आणि मुक्काम परदेशात. बार्बाडोसने तो जुलै २०२० मध्ये काढला, एस्टोनियाने पाठोपाठ ऑगस्टमध्ये. तारखा पाहा. विमानं जमिनीवर होती, हॉटेलं ओस पडली होती. बार्बाडोसने वर्षाला ५० हजार डॉलर उत्पन्नाची अट घातली आणि एका माणसाच्या अर्जाचे दोन हजार डॉलर घेतले. त्यांना माणसं नको होती, खर्च करणारी माणसं हवी होती.

यात लपवाछपवी काहीच नाही. ती आपल्याकडच्या व्हिसा एजंटांच्या जाहिरातीत आहे.

स्पेनचंच घ्या. २०२३ पासून तिथे हा व्हिसा आहे. उत्पन्न किती हवं? तिथल्या किमान वेतनाच्या दुप्पट. २०२५ चं किमान वेतन महिना १,१८४ युरो, तेही वर्षाला चौदा हप्त्यांत. दुप्पट करून बारा महिन्यांत वाटा, महिना २,७६३ युरो होतात. जोडीदाराला न्यायचं तर किमान वेतनाचे आणखी ७५ टक्के, मुलाला न्यायचं तर २५ टक्के. तिघांच्या घराला ४,१४४ युरो. युरो शंभर रुपयांना धरला तर चार लाखांच्या वर, दर महिन्याला. हिंजवडीत हा पगार किती जणांचा असतो?

आता एकाच प्रोजेक्टवरचे दोघे पाहा. एक ऑस्टिनचा, एक वाकडचा. कॉल एक, कोड एक, रात्री उशिरा सापडलेला बगही एकच. ऑस्टिनवाला ही अट सहज ओलांडतो, वाकडवाला पोचत नाही. काम कुठूनही होतं हे कंपनीला पहिल्या दिवसापासून मान्य आहे. म्हणूनच तर ते वाकडला दिलं!

कुठूनही चालतं ते काम. पगार पत्ता बघून ठरतो.

पगार असला तरी दार उघडतंच असं नाही. जपानने २०२४ मध्ये सहा महिन्यांचा असा परवाना सुरू केला. अट वर्षाला एक कोटी येन उत्पन्नाची. बेंगळुरूत, पुण्यात तेवढं कमावणारे आहेत. पण परवाना फक्त अशा देशांच्या नागरिकांसाठी, ज्यांना जपान थोड्या मुक्कामासाठी व्हिसाशिवाय येऊ देतो आणि ज्यांच्याशी त्याचा करविषयक करार आहे. करार आपला आहे. व्हिसामाफी नाही. यादीत भारत नाही.

परत स्पेनकडे. आता कागद. पदवी हवी किंवा तीन वर्षांचा अनुभव, आणि पोलिसांचा दाखला. हे दाखले परराष्ट्र मंत्रालयाकडून अपोस्टिल करून घ्यायचे, मग मान्यताप्राप्त अनुवादकाकडून स्पॅनिशमध्ये आणायचे. अपोस्टिलचं सरकारी शुल्क कागदामागे ५० रुपये. एजंटच्या पॅकेजमध्ये ही ओळ किती रुपयांची आहे ते वेगळं विचारा. बहुधा ती वेगळी दाखवलेलीच नसते.

आणि आपली नावं! मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणखी एका कोपऱ्यात आईचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. लग्नानंतर बदललं असेल तर पदवी माहेरच्या नावाची, बँक खातं सासरच्या. स्पेनमध्ये माणसाला दोन आडनावं असतात, एक वडिलांकडून आणि एक आईकडून. त्या सवयीने वाचणाऱ्या कारकुनाला मार्कशीटवरची आणि पासपोर्टवरची बाई एकच आहे हे कसं कळावं? ते प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं लागतं. पुरुषांना ही फेरी क्वचितच पडते.

कराची सवलत हे जाहिरातीतलं लाडकं वाक्य. परदेशातून येणाऱ्यांना सहा लाख युरोपर्यंत सरसकट २४ टक्के, हा नियम २००५ चा. डेव्हिड बेकहॅम तेव्हा रेआल माद्रिदकडून खेळत होता, म्हणून लोक त्याला बेकहॅम कायदा म्हणतात. २०१५ मध्ये व्यावसायिक खेळाडूंना त्यातून वगळलं. २०२३ पासून लॅपटॉपवाल्यांना आत घेतलं. पण हिशेब करा. स्थानिकांचा दर १९ टक्क्यांपासून चढत जातो. महिना पावणेतीन हजार युरोवाल्याला तिथल्या साध्या दरानेही २४ टक्क्यांहून जास्त कर बसत नाही. सवलत खरी आहे, पण ती गलेलठ्ठ पगारासाठी आहे.

वर्षात १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिलात की तिथलं करखातं तुम्हाला आपलं मानतं. इकडे कंपनी टीडीएस कापतच असते. एजंट व्हिसा मिळेपर्यंतच फोन उचलतो.

यात मला सर्वात जास्त टोचतं ते वेगळंच. स्पेनमध्ये पर्यटक म्हणून उतरलेला लॅपटॉपवाला तिथूनच अर्ज करतो आणि तीन वर्षांपर्यंतचा परवाना मिळवू शकतो. हॉटेलच्या मोरीत भांडी घासणाऱ्या, कागद नसलेल्या मजुराला अर्जाआधी तिथे सलग दोन वर्षं काढल्याचा पुरावा द्यावा लागतो. मे २०२५ पर्यंत तीन वर्षं लागत. दोघेही परके आणि दोघेही कष्टाचंच खातात. लॅपटॉपवाल्याचं जेवण कोण रांधतं, दारापर्यंत कोण आणतं?

जुलै २०२४ मध्ये बार्सिलोनातल्या मोर्चेकऱ्यांनी पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडवल्या. आपल्याकडे त्या व्हिडिओवर हसून झालं. मुद्दा घरभाड्याचा होता. बाहेरचा पगार घेऊन माणूस शहरात येतो, घरमालक भाडं त्याच्या खिशाकडे बघून ठरवतो आणि तिथली शाळामास्तरीण गावाबाहेर जाते.

कळत नसेल तर म्हापशात विचारा. कोरोनाच्या काळात मुंबई-दिल्लीचे लॅपटॉप आसगावात, शिवोलीत उतरले. पगार महानगराचा, भाडं गावाचं. ते गावाचं राहिलं किती दिवस? आणि परदेशी माणसाला गोव्यात बसून आपल्या देशातली नोकरी करायची असेल तर भारताकडे त्यासाठी वेगळा व्हिसाच नाही. कळंगुट-हणजूणच्या कॅफेत बरेच जण पर्यटक व्हिसावर लॅपटॉप उघडून बसतात. सगळ्यांना ठाऊक आहे, नियम कोणीच करत नाही.

गोव्याचंच आणखी एक. पोर्तुगालच्या अशा व्हिसाला तिथल्या किमान वेतनाच्या चौपट उत्पन्न लागतं, २०२५ मध्ये महिना ३,४८० युरो. पण आजोबा १९६१ आधी गोव्यात जन्मले असतील आणि पुढच्या पिढ्यांची नोंद लिस्बनमध्ये रीतसर झाली असेल, तर नातू थेट पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन जातो. त्याची सॅलरी स्लिप कोणी मागत नाही.

ज्यांना खरंच जायचं आहे त्यांनी आधी मॉरिशसकडे पाहावं. तिथल्या प्रीमियम व्हिसाला महिना १,५०० डॉलर उत्पन्न पुरतं, अर्जाचं शुल्क नाही, मुक्काम वर्षाचा. घड्याळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे, म्हणजे रात्रीचे कॉल पहाटेवर जात नाहीत. उसाच्या मळ्यांवर गिरमिट करून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज तिथे आजही गणपती बसवतात. रील स्पेनचं बनतं, कारण त्यात एजंटचं कमिशन मोठं.

पण कुठलाही देश निवडा, एक कागद जवळपास सगळीकडे लागतो. कंपनीचं पत्र. 'आमचा कर्मचारी तुमच्या देशात बसून काम करेल, आमची हरकत नाही.' स्पेनला त्यावर हेही हवं, की कंपनी किमान वर्षभर चालू आहे आणि नोकरीला तीन महिने झालेत. शिवाय सामाजिक सुरक्षेचं प्रमाणपत्र. दोन देशांत तसा करार असेल तर ते ईपीएफओ देते. नसेल तर कंपनीने तिकडे नोंदणी करायची. एवढ्या एका माणसासाठी?

अर्ज इथेच मरतो. दूतावासाची पायरी चढण्याआधी.

एचआर सांगतं, क्लायंटच्या करारात परवानगी नाही, डेटा देशाबाहेर उघडता येत नाही. तू तिथे बसलास तर आमचा तिथे धंदा आहे असं तिथलं करखातं म्हणेल. कारणं खरी आहेत. पण टीसीएसने तर ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात बोलावलं. कराडला आईजवळ बसून काम करायला परवानगी नाही, तिथे स्पेनच्या कॅनरी बेटांचं काय घेऊन बसलात?

आणि हीच आयटी कंपन्यांची जात क्लायंटने मागितलं की त्याच मुलाला 'ऑनसाइट' पाठवते. मग कर सल्लागार सापडतो, व्हिसाचा विभाग कामाला लागतो, डेटाचा प्रश्न सुटतो, बायकोमुलांचे कागदही होतात. हे सगळं ज्यांना जमतं, त्यांना एक पत्र का जमत नाही?

एजंटला पैसे देण्याआधी हा प्रश्न मेलवर विचारा. पत्र देणार का, आणि नसाल देणार तर नेमक्या कुठल्या नियमाखाली? उत्तर लेखी मागा. अप्रेझलच्या खोलीत पगाराबरोबर हाही विषय टेबलावर ठेवा, आणि टीममधल्या चौघांना सांगा, तेही ठेवतील.